लाल दांड्याचं टेंगूळ

बाजारात दुधी घेताना मी तो आधी दोन्ही हातांवर आडवा धरतो, डोळे मिटतो आणि अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. बायको दोन पावलं लांब जाऊन उभी राहते, आमची ओळखच नसल्यासारखी. भाजीवाली एकदा म्हणाली, "घेताय का वाजवताय?" तिचं अगदीच चुकलं नव्हतं. याच अंगठ्यावर माझं घर चाललं, आणि एका दसऱ्यानंतरच्या आठवड्यात याच अंगठ्याने मला असं घाबरवलं, की मी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून बघायचो आणि परत लावायचो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी शेवटच्या रांगेत, पत्र्याच्या एका शेडमध्ये विजेच्या गिटारी बनायच्या आणि पेट्यांत बसून परदेशी जायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे कामाला लागलो. गिटार मी तोवर लग्नातल्या ऑर्केस्ट्रात लांबून पाहिली होती, तीही जेवणाच्या पंगतीतून. वडील टोकावड्याजवळच्या आमच्या गावात कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे आणि नांगराची रुमणी करायचे, तेवढंच मला येत होतं. शेठनी पहिल्या दिवशी माझ्या हातात गिटारीचा तो लांब भाग दिला, वाजवणारा डाव्या हाताने धरतो तो, आणि विचारलं, "हे काय आहे?"

"दांडा," मी म्हणालो. "पण पातं कुठाय?"

शेठ त्याला इंग्रजीत नेक, म्हणजे मान, म्हणत. आमच्या टेबलावर मात्र तो शेवटपर्यंत दांडाच राहिला. टेबलावर आम्ही आठ जण. एकालाही गिटार वाजवता येत नव्हती, आणि वाजवणारा माणूस आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलाही नव्हता. रंध्याने, कानशीने, मग पोलादी पत्र्याने खरवडून आणि शेवटी काचपेपरने घासून आम्ही त्या दांड्याची पाठ गोल करायचो. फर्मे होते, मापं होती, पण ती निम्म्या वाटेपर्यंत. शेवटचं माप हाताचं. दांडा झाला, की तो शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी डोळे मिटायचा आणि अंगठा फिरवायचा.

"लागतं का?"

"लागतं."

"कुठं?"

"चौथ्या पट्टीच्या मागं. मुंगी बसलीय बघ."

पुढच्या बाजूला सुरांच्या आडव्या पट्ट्या बसतात, त्यांवरून आम्ही पाठीवरची जागा सांगायचो. मग ती मुंगी, म्हणजे मुंगीएवढा उंचवटा, काढायची. डोळ्यांना दिसायचं काही नाही, पण हाताला लागलं म्हणजे लागलं. यावर वाद नव्हता.

माझ्या शेजारी जे बसायचे त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, आसनगावच्या बौद्ध वस्तीतले, शहापूरवरून एसटीने यायचे. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते कानस मारल्यासारखं. माझे दांडे तेच तपासायचे.

एकदा परदेशातला गिऱ्हाईक स्वतः आला. लालभडक माणूस, आमच्या उन्हाने आणखी लाल झालेला. टेबलावरचे सगळे दांडे त्याने एकेक करून हातात घेतले आणि एक जो धरला तो सोडेचना. तो माझा होता. शेठनी त्याला लाल पॉलिश मारून घेतलं आणि नमुना म्हणून ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवला. पुढचे सगळे दांडे त्याच्यासारखे व्हायला हवेत, असा हुकूम निघाला. मी ही गोष्ट घरी इतक्या वेळा सांगितली, की बायको एकदा म्हणाली, "अहो, त्या कपाटात तुमालाच का नाय ठेवत? आमी दर रविवारी बघायला येऊ."

अशी सात-आठ वर्षं गेली. मग मशीन आली.

ती आली तेव्हा दारातून मावेना, म्हणून शेडची एक भिंत पाडली. भिंतीला पडलेल्या त्या भोकातून मला लांबवर डोंगर दिसत होता. दोन हजार सालाच्या पुढेमागेची गोष्ट. मुरबाडात तेव्हा कारखाने बंद होत होते, आणि बंद झालेल्या कारखान्यांतली माणसं सकाळी नाक्यावर उभी दिसायची, इस्त्रीच्या शर्टात. शेठनी आम्हाला गोळा करून सांगितलं, "घाबरू नका. कोणाला काढणार नाही." तोवर आम्ही निम्मेच घाबरलो होतो.

कॉम्प्युटरवर चालणारी ती मशीन एक दांडा इतक्या वेळात कोरायची, की तेवढ्यात माझी कानस पिशवीतून बाहेर यायची नाही. तिच्यावर एक मॅडम आली. डिप्लोमा झालेली, विशी-बाविशीची, वडील भातसानगरला धरणावर नोकरीला. मशीनइतकीच ती आम्हाला नवी, आणि आम्ही तिला. मी तेव्हा छत्तिशीचा होतो, केस होते, तरी पहिल्याच दिवशी तिने मला काका म्हटलं. मशीनचा राग मला दुपारनंतर आला, सकाळी तिचाच आला होता.

तिने समजावून सांगितलं, की मशीनला आकार आधी शिकवावा लागतो. नमुन्याचा दांडा मशीनमध्ये घट्ट बसवायचा. मग एक बारीक सुई त्याच्या पाठीला ठिकठिकाणी टेकत जाते, आणि जिथे जिथे टेकते तिथली उंची कॉम्प्युटर लिहून घेतो. त्यावरून पुढचे सगळे दांडे.

"कुठला नमुना?" मी विचारलं.

"तो कपाटातला लाल. तुमचाच ना, काका? काय सुंदर आहे!"

म्हणजे मशीन माझ्याकडूनच शिकणार आणि मलाच घरी पाठवणार. टेबलावरच्या एकाने लगेच टोमणा मारला, "वा मास्तर! गुरुदक्षिणेत टेबल मागितलंय."

सुई लावायची दसऱ्यानंतर, असं ठरलं. त्याआधी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यार चालवत नाहीत. धुवून, पुसून, पाटावर मांडून पूजा करतात. वडिलांची ती पद्धत मी शेडमध्ये आणली होती, आणि पूजा दर वर्षी मीच सांगायचो. त्या वर्षी शेठ म्हणाले, मशीनचीही करायची. झेंडूचा हार एवढा लांब लागला, की फूलवाल्याने विचारलं, कोणता पुढारी येतोय. मॅडम मशीनभोवती फिरत होती आणि "काका, पाकळी आत नको, काका, आत नको" म्हणत होती. मी टेबलावर रंधे, कानशी, पत्रे मांडले. शेठनी कपाटातला लाल दांडाही काढून दिला, तो पाठ वर करून मधोमध ठेवला. पाण्याचा तांब्या आणायला मी विसरलो होतो, म्हणून नुकत्याच फोडलेल्या नारळाचं पाणी वाटीत घेतलं आणि हळदकुंकू त्यातच कालवलं. सगळ्या हत्यारांना बोट लावलं. आरती सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले.

आणि मी त्या लाल दांड्याच्या पाठीवर, बरोबर अंगठा जिथे टेकतो तिथे, कुंकवाचा जाडसा टिळा लावला आणि मनात म्हणालो, देवा, हिला हे जमू देऊ नकोस.

बस्स, एवढंच. माणूस याहून वाईट गोष्टी देवाकडे मागतो. पण मागून झाल्यावर मी मान वर केली तर दादा माझ्याकडे बघत होते. ते पूजेत नसायचे. दरवर्षी एका बाजूला हाताची घडी घालून उभे राहायचे, आरती संपली की पेढा घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वस्तीतल्या कार्यक्रमाला जायचे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना उघडे होते ते त्यांचेच.

दसऱ्याची सुट्टी झाली. मधल्या दिवसांत तो टिळा तिथेच वाळला. परत आल्यावर मॅडमने दांडा कोरड्या फडक्याने झटकला, फुलाची पाकळी काढली आणि मशीनमध्ये बसवला. लालावर लाल, तिला काय दिसणार! मला दिसलं नाही याचं मात्र मी आजही कारण शोधतो. मी तीन पावलांवर उभा होतो, पण माझं लक्ष सगळं सुईवर होतं. ती टेकायची, उचलायची, पुढे सरकायची, टेकायची. डॉक्टर पोट दाबून दाबून विचारतो ना, इथे दुखतं का, इथे, तसं. मला सगळीकडे दुखत होतं.

शुक्रवारी शेठना तो लाल दांडा मुंबईला दलालाकडे दाखवायला न्यायचा होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तो ओल्या फडक्याने लख्ख पुसून दिला. त्याच दिवशी दुपारी मशीनमधून पहिले बारा दांडे निघाले.

आम्ही आठही जण काम टाकून गेलो. पांढरट लाकडाचे, एकासारखे एक, जुळे नव्हे, बाराळे. मी सगळ्यात देखणा उचलला, म्हणजे कुठलाही, आणि सवयीने डोळे मिटून अंगठा फिरवला. चौथी पट्टी. पाचवी.

लागलं.

अर्ध्या मसुरीएवढं. मी दुसरा घेतला, तिथेच. तिसरा, तिथेच.  तो उंचवटा गोल होता, एका बाजूला जरा ओढल्यासारखा. अनामिकेने टिळा लावून बोट उचलताना मी ते नेहमी जरा उजवीकडे ओढतो. नारळाच्या पाण्यातली साखर डिंकासारखी वाळली होती, आणि सुईने ते कुंकूही लाकूड समजून इमानदारीने लिहून घेतलं होतं. जगातल्या सगळ्या मशिनींतून देवाने माझं ऐकलं होतं, आणि मला घाम फुटला होता.

"काय रे, लागतं का?" एकाने विचारलं.

मी चौथा उचलला. दुसऱ्याने दांडा ओढून घेतला, अंगठा फिरवला आणि शिट्टीच मारली. "अगो मॅडम, हिला टेंगूळ आलंय!"

पुढचा अर्धा तास टेबलावर दिवाळी होती. "पडली असंल कुठं." "हळद लावा, उतरंल." "हातानेच घासायचं तर मशीन कशाला, आमी काय मेलोत?" मॅडम माप घेऊन घेऊन सांगत होती, की कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेच मशीनने काढलंय, केसाचाही फरक नाही. तिचं खरं होतं. आमचंही खरं होतं.

सोमवारी शेठ मुंबईहून आले ते टेंगळाचं फोनवर ऐकून तापूनच. त्यांनी बारापैकी एक दांडा घेतला, एका हातात तो, दुसऱ्या हातात लाल नमुना. नमुना गुळगुळीत, याला टेंगूळ. "मशीन नाही चुकत, माणूस चुकतो," ते सगळ्यांसमोर मॅडमला म्हणाले. ती म्हणाली, मी परत सुई लावते, एक दिवस द्या. शेठ म्हणाले, "हात लावायचा नाही. आणखी बिघडवशील. शनिवारी मशीनवाल्यांचा माणूस येतोय. त्याने तुझी चूक सांगितली तर तू घरी, मशीनची सांगितली तर मशीन घरी."

मी कानस मारत होतो. लाकडावर कमी आणि टेबलावर जास्त.

त्या आठवड्यात मला सगळ्याची भीती वाटली. शेठच्या चपलांच्या आवाजाची. मावशींनी सहज "तो दांडा पुसला तवा" असं काही म्हणू नये याची. दादांची तर सगळ्यात जास्त, कारण ते काही बोलत नव्हते. बोललो तर टेबल जाणार हे मला दिसत होतं. वरून कारस्थानी ठरून सगळ्यांत आधी मी जाणार. मुलगी तेव्हा दुसरीत होती, आणि मी नाक्यावर इस्त्रीच्या शर्टात उभा असलेला मला रोज दिसत होतो. न बोललो तर शनिवारी मॅडम तरी घरी जाणार होती, नाहीतर मशीन.

गुरुवारी सुटल्यावर दादा स्टँडवर माझ्या शेजारी येऊन बसले. माझी टोकावड्याची गाडी लागलेली होती.

"मशीनवरची पोरगी काल किन्हवलीपर्यंत रडत व्हती," ते म्हणाले. "शहापूरच्या गाडीत माझ्याच बाजूला बसते. मला विचारते, काका, माझं काय चुकलं?"

मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि परत लावलं.

"माझे डोळे उघडे व्हते रे," दादा म्हणाले.

"म्हाईत हाय."

"तू बोललास तर मशीन ऱ्हानार. म्हंजे तुझ्यासंगं माझीपन नोकरी जाणार. ह्ये मला कळतंय, तरी इचारतो. उद्या ती परत बाजूला बसंल. तिला काय सांगू?"

माझी गाडी सुटली, मी तिच्यात नव्हतो. पुढची दीड तासाने होती. घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात भात वारवत होती. मी तिथेच दगडावर बसून तिला सगळं सांगितलं, देवाकडे काय मागितलं ते धरून. तिने सूप खाली ठेवलं.

"देवानं ऐकलं म्हणून घाबरलेला माणूस मी पयल्यांदाच बघते," ती म्हणाली. मग उठून माळ्याकडे एकदा बघून आली.  बाहेर येऊन म्हणाली, "नोकरी गेली तर बाबांची हत्यारं माळ्यावर हायेत. गंज काढावा लागंल." आणि सूप उचललं.

शुक्रवारी सकाळी मी मॅडमकडे गेलो. मला नीट सांगताही येईना. "मॅडम, ते टेंगूळ माझं हाय," असं काहीतरी म्हणालो.  मग मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुंकू? काका, कुंकू?" आणि ओठ दाबून धरले, हसू येत होतं की रडू, मला आजवर समजलं नाही. तिने शेठना बोलावलं. मागोमाग टेबलही आलं.

शेठना पटेना. त्यांना वाटलं, मी पोरीला वाचवायला काहीतरी बनवून सांगतोय. तेव्हा मी नारळ आणला, तसंच त्याच्या पाण्यात कुंकू कालवलं आणि मशीनच्याच एका टाकाऊ तुकड्यावर टिळा लावला. दुपारपर्यंत तो कडक झाला. शेठनी त्यावर स्वतः अंगठा फिरवला, मग बारापैकी एका दांड्यावर. पुन्हा तुकड्यावर. 

"मुद्दाम केलंस?" शेठनी विचारलं.

याच प्रश्नाला मी आठवडाभर भीत होतो. नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो.

"कुंकू मुद्दाम नाय," मी म्हणालो. "पण मनात जे होतं ते मुद्दाम होतं."

"काय होतं मनात?"

"हिला जमू नये."

मागे कोणीतरी खोकलं. शेठ ऑफिसात गेले आणि मशीनवाल्यांच्या माणसाला येऊ नको म्हणून फोन केला. शनिवारी पुन्हा सुई लावली, आणि सोमवारी निघालेल्या दांड्यांवर माझा अंगठा सरळ घसरत गेला, कुठेच थांबला नाही. माझा लाल दांडा, अगदी माझाच, पुन्हा पुन्हा. इतका वेळ मी टेंगळाला घाबरत होतो. आता त्या गुळगुळीतपणाला घाबरलो.

होळीच्या आधी शेठनी आठांतल्या सहा जणांना हिशेब दिला. राहिलो मी आणि टेबलावरचा पॉलिश मारणारा एक जण. मला ठेवलं ते निघालेला प्रत्येक दांडा हाताने तपासायला. शेठ म्हणाले, "टेंगूळ पहिलं कोणाला सापडलं ते मला मॅडमने सांगितलंय." दादांचं नाव सहांत होतं. त्यांनी आपली कानस फडक्यात गुंडाळली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले.  शिवी दिली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर कित्येक महिने मी शहापूरच्या बाजूला गेलो नाही. एका लग्नाचं आमंत्रण आलं होतं आसनगावहून, तेव्हा मी पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि मग दोन दिवस घरातही लंगडत चाललो.

दिवाळीनंतर एका रविवारी मी खिडकीतून बघतो तर बांधावरून दादा येतायत, खांद्यावर गोणपाट. मी सरळ मोरीत शिरलो. बायको बाहेरून ओरडली, "अहो, दादा आलेत. आत काय करताय, आंघोळ तर सकाळीच झाली!"

बाहेर आलो. दादांनी चहा घेतला, माझ्या पोरीची चौकशी केली, भाताचं विचारलं.  मग त्यांनी गोणपाट उघडलं. आत कोयत्यांची पाती होती, नुसती, बिनदांड्याची. शहापूरच्या बाजारात ते आता कोयते-विळ्यांना दांडे बसवून देत होते.

"ते बारा टेंगळाचे कुठं टाकले रे शेठनी?"

शेठनी ते भंगारात टाकले होते, आणि मी त्यातले दोन घरी आणून माळ्यावर लपवले होते. का ते विचारू नका. मी ते काढून आणले. दादांनी एक हातात घेतला, डोळ्याने अंदाज घेतला आणि वडिलांच्या करवतीने तिथेच वीतभर तुकडा कापला. बायकोने करवतीचा गंज खरंच काढून ठेवला होता. गिटारीत लोखंडी सळई बसवायची दांड्याच्या मधली खाच त्यांनी लाकडाची पट्टी ठोकून बुजवली, पातं बसवलं, ठोकलं, आणि कोयता हवेत दोनदा फिरवून बघितला. मी काचपेपर घेऊन उभा होतो.

"द्या, तेवढं टेंगूळ काढतो," मी म्हणालो.

"हात लावू नको त्येला." त्यांनी मूठ माझ्यासमोर धरली. टेंगूळ बरोबर त्यांच्या अंगठ्याच्या पेरात बसलं होतं. "घाम आला तरी सुटत नाय बघ. परदेशी लाकूड, मशीनचं काम आन तुझं कुंकू."

मग कोयता उलटा करून मूठ माझ्याकडे दिली. "बघ. लागतं का?"

मी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

"लागतं."

"मग ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले, आणि दुसरा दांडा उचलला.